कमरेवरचा तोल

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की एका नामवंत खेळाडूच्या कारकिर्दीचं वाटोळं मी स्वतःच्या हातांनी केलं.

फिंतास नावाच्या गावातल्या दवाखान्यात मी फिजिओथेरपिस्ट. व्हीलचेअरवरून तलवारबाजी करणारी, पदकं जिंकलेली एक मुलगी दोन वर्षं माझ्याकडे येत होती. तिच्या खेळात कमरेवरचा तोल सांभाळता येणाऱ्यांचा एक गट असतो आणि न येणाऱ्यांचा दुसरा. तिची सगळी पदकं या दुसऱ्या गटातली.

त्या दिवशी ती हात न टेकता पुढे वाकली आणि पुन्हा ताठ बसली. मी टाळ्या पिटल्या, "या, चमत्कार बघा!" म्हणून अर्धा दवाखाना गोळा केला आणि सर्वांसमोर कमरेत वाकून मुजरा केला.

ती पांढरीफटक पडली. "काका, ओरडताय काय! पुढच्या महिन्यात गट ठरवणारे डॉक्टर तपासणार आहेत. वरच्या गटात टाकलं तर पहिल्याच फेरीत बाहेर जाईन."

"मग आता?" मी विचारलं. हसू काही आवरेना.

तिची आई आमच्याच दवाखान्यात नर्स. गर्दीतून वाट काढत ती पुढे आली आणि माझा हात धरून म्हणाली, "भावजी, पाया पडते, हिला होती तशी करून द्या!"