सहा गव्हर्नर आणि इयाची चूल

आमच्या गावच्या घाटावर इया फलिलात, म्हणजे फलिलातची आई, अकारा तळते, चवळीचे वडे, आणि गिऱ्हाइकांना गव्हर्नरांवर बसवते. थट्टा नाही करत. नदीवर पूल बांधायचा म्हणून आमच्या राज्यात जो जो गव्हर्नर आला, त्यानं घाटावर येऊन आपल्या नावाची कोनशिला बसवली. पूल कुठे आहे ते विचारू नका, माझं डोकं फिरतं. कोनशिला मात्र सहा झाल्या. एकेक सैल होत गेली, तशी इयानं उचलून चुलीभोवती मांडली.

पहिला गव्हर्नर लष्करातला. बंदूकवाले शिपाई घेऊन आला, दगड बसवला आणि सिमेंट वाळायच्या आत त्याची बदली झाली. इया तेव्हा नवी नवरी होती. दुसराही वर्दीवालाच, पण पहिल्याचं नाव दिसलं की त्याच्या पोटात दुखायचं, म्हणून त्यानं वेगळा दगड आणला. तिसऱ्याला आम्ही मतं देऊन निवडलं, तर परत लष्कर आलं आणि त्याला घरी बसवलं. चौथ्यानं माझी शाळा बंद केली, म्हणून मी रोज त्याच्यावरच बसते. पाचव्याची निवडणूक कोर्टानं रद्द केली. त्याच्या जागी आलेल्या सहाव्यानं आपला दगड मुद्दाम वीतभर उंच करून घेतला. गुडघे धरलेले म्हातारे त्याच्यावर खूश असतात. तेवढं एक काम त्याचं लोकांच्या उपयोगी पडलं.

याच चुलीवर इयानं पाच पोरी वाढवल्या, उजवल्या. नवरा गेला तेव्हाही चूल चार दिवसांत पुन्हा पेटली. आता सातवा गव्हर्नर यायच्या आधी दोन साहेब येऊन तिच्या टपरीवर लाल फुली मारून गेले. टपरी पुलाच्या वाटेत येते म्हणे, पाडणार.

होडीवाला लामिदी तर रडकुंडीला आला. "इया, पूल झाला की माझी होडी गेली आणि तुझी चूलही गेली."

"पूल झाला की ना?" इया म्हणाली. "मग गप खा."

गव्हर्नर आला. ढोल वाजले, कॅमेरे आले. पांढऱ्याशुभ्र अगबादाच्या घोळदार बाह्या खांद्यावर टाकत त्यानं दगड बसवला आणि जाहीर केलं, "वर्षभरात इथं पूल उभा करीन."

इयानं वडा उलटला. "झालं. लामिदी, तुझी होडी वाचली बाबा."

तिथंच थांबायचं ना माणसानं? पण लामिदीला कुठला दम. तो धावत गेला आणि गव्हर्नरापुढे जमिनीवर पालथा पडला. "हुजूर, आमच्या इयाची टपरी तेवढी पाडू नका. म्हातारी जाईल कुठं?"

कॅमेरे वळले. गव्हर्नर हसत हसत चुलीशी आला, इयाचा तेलकट हात हातात घेऊन म्हणाला, "मी गव्हर्नर आहे तोवर या माउलीच्या चुलीला कुणी हात लावणार नाही. हा माझा शब्द आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. इयानं रीतीप्रमाणे गुडघे टेकून आभार मानले. गाड्या गेल्यावर मात्र तिनं अर्धे कच्चे वडे तसेच ठेवून कढई खाली उतरवली आणि पदरानं डोळे पुसायला लागली. मलाही भरून आलं.

"रडतेस काय? वाचली ना टपरी," लामिदी म्हणाला.

"मेल्या, तुला मध्ये तोंड घालायला सांगितलं कुणी? पूल बांधतो म्हणाला, तर तुझी होडी वाचली. आता माझी चूल वाचवतो म्हणालाय तो."

लामिदीचं तोंड एवढंसं झालं. मग त्यानं होडी काठाला लावली, आणि अंधार पडायच्या आत आम्ही एकेक गव्हर्नर उचलून पलीकडच्या काठावर नेला. सहावा फार जड होता.