बाबांचा पुढचा दात

परभणीहून हैदराबादला एमएस्सीला गेलेली मी एकटीच. तेलुगू येत नव्हतं आणि माझ्या हिंदीला वर्गातल्या मुली हसायच्या. रविवारी नारायणगुड्याचं हॉस्टेल रिकामं व्हायचं, दिवसभर तोंडातून शब्द निघायचा नाही. मग तोंडाला स्कार्फ गुंडाळून बरकतपुऱ्यातल्या वाइन्समधून व्होडका आणायला लागले. पाण्याच्या स्टीलच्या बाटलीत भरली की वर्गातही पिता यायची. सुरुवातीला हलकं वाटायचं, नंतर नुसता संताप यायचा, कुणाचाही.

एका दुपारी रूममेटने ती बाटली बेसिनमध्ये ओतली. मी तिचे केस धरून डोकं कपाटावर आपटलं. ती स्वतःला सोडवायला लागली तर मनगटाला चावले, रक्ताची चव लागेपर्यंत. वॉर्डनने बाबांना बोलावलं. पुन्हा हात उचलला तर हॉस्टेल बंद आणि कॉलेजही, असं तिने फोनवर सांगितलं.

बाबा एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक. काचीगुडा स्टेशनला उतरून थेट आले. तळमजल्यावर भेटायच्या खोलीत मी गेले ती सकाळपासून प्यालेली, बाटली हातातच. वाटलं होतं, ओरडतील. ते म्हणाले, "माय, चल, आधी जेवून घे."

त्या मायेनेच माझं डोकं फिरलं. ती स्टीलची बाटली मी त्यांच्या तोंडावर हाणली. मग आणखी एकदा. पुढचा दात तुटून फरशीवर पडला. त्यांनी हात वर केला नाही, मला ढकललंसुद्धा नाही.

आवाज ऐकून वॉर्डन आली. "क्या हुआ साब? ये मारी क्या?"

बाबांनी रुमाल तोंडावर दाबला. "नहीं मॅडम. सीढ़ी से गिरा मैं."

त्या खोलीच्या आसपास कुठे जिना नव्हता. वॉर्डन माझ्याकडे बघत राहिली आणि निघून गेली. माझं कॉलेज वाचलं.

आठ दिवसांसाठी त्यांनी मला घरी आणलं. आईलाही जिन्याचंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखे आम्ही तिघं बुद्धमूर्तीपुढे पंचशील म्हणायला बसलो. तिसरं झालं आणि बाबा थांबले. चौथं खोटं न बोलण्याचं. त्यांनी मान खाली घातली. पाचवं दारू न पिण्याचं, तिथे मला तोंड उघडवेना. शेवटची दोन्ही शीलं आईने एकटीनेच म्हटली, खड्या आवाजात.