संपादकाचा पाट

पंगत उठली आहे. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर नानासाहेब आणि बाकीचे डॉक्टर घोरताहेत. माजघरात आक्का उशाला हात घेऊन आडव्या झाल्या आहेत. डोळा लागतो न लागतो असं चाललंय. घशात काहीतरी अडकलंय. पुरणपोळी नव्हे. वाक्य.

वाक्य तसं साधंच. जेवताना नानासाहेबांनी विचारलं, "आक्का, चहानंतर 'रुग्णविचार'चा नवा संपादक निवडायचा. तुमच्या पुतण्याचं, शेखरचं नाव आहेच. पण आम्ही म्हणतोय, यंदा सूनबाईंना का बसवू नये? अंक तर सगळा वृंदाच काढते."

डॉक्टरांचं हे मासिक आक्कांच्या सासऱ्यांनी याच घरात, मिरजेत, सुरू केलं. मिसरूड फुटलेल्या दोन पोरांनी दोन अंकांत बंद पाडावं असलं मासिक हे नव्हे. चार संपादक झाले, चौघांच्या तसबिरी भिंतीवर आहेत. चौघांनाही मिशा आहेत. निवड झाली की नव्या संपादकाला फणसाच्या पाटावर बसवायचं, भोवती रांगोळी, आणि घरच्या थोरल्या बाईनं ओवाळायचं, हा रिवाज.

वृंदा तेव्हा दवाखान्यात होती, एका अडलेल्या बाईपाशी. आक्कांनी तुपाची धार तशीच धरली आणि म्हणाल्या, "तिला नकोच आहे ते. घर, दवाखाना, पोरं. मला म्हणालीय तसं."

वृंदा असं काही म्हणाली नव्हती. कधीच नाही.

आक्का कूस बदलतात. मोरीत कुणीतरी हात धुतंय. बराच वेळ धुतंय. कोपरापर्यंत.

"कोण गं? नळ बंद कर. पाणी काय तुझ्या बापानं भरलंय?"

"भरलं होतं की. हौद बापानंच बांधला."

आक्का उठून बसतात. मोरीच्या उंबऱ्यात यमुनावन्सं उभ्या आहेत. आक्कांच्या नवऱ्याची थोरली बहीण, डॉक्टरीण. जाऊन किती वर्षं झाली. अंगावर तेच पांढरं पातळ, कंबरेला पदर खोचलेला, आणि ओले हात समोर धरलेले. वन्संनी हात कधी पुसले नाहीत. नुसते झटकायच्या. त्यावरून आक्कांनी जन्मभर त्यांना टोमणे मारले.

"पुसा हो ते हात," आक्का म्हणतात. "मेल्यावर तरी."

"पुसलेला हात मळतो, वहिनी. चल, मला जरा मदत कर."

मोरीचं दार उघडतं तर पलीकडे बाळंतिणींची खोली. ओळीनं पाळणे. आक्कांना नवल वाटत नाही. पाळण्यांत बाळोत्यात गुंडाळलेले अंक निजलेत, 'रुग्णविचार'चे, ओल्या शाईचे. वन्सं एकेकाला उचलतात, कानाशी धरतात, लाल पेन्सिलीनं कुठं एखादी रेघ मारतात.

"ह्याची नाळ लांब राहिलीय," त्या म्हणतात. "लिहिणाऱ्याला थांबायचं कळत नाही. हा बघ, ह्याच्यात औषधाचं माप दहापट छापलं होतं. छापखान्यात पळत गेले होते मी."

"आठवतंय. अनवाणी गेला होतात तुम्ही. मीच चपला घेऊन मागं आले."

"आलीस खरी."

प्रत्येक पाळण्याला नावाची चिठ्ठी बांधलीय. आक्कांना तिसरीपर्यंतचं वाचता येतं, नावं तर येतातच. एका चिठ्ठीवर सासऱ्यांचं नाव, पुढं सगळीकडे आक्कांच्या यजमानांचं. यमुना कुठंच नाही.

"बाळंतपणं माझी, नावं त्यांची," वन्सं हसतात. रागानं नाही. आक्कांना तेच सोसत नाही. कुणी भांडलं तर त्यांना दहा तोंडं फुटतात. हसणाऱ्यापुढं त्यांचं काही चालत नाही.

"तुमचीच चूक," त्या फणकारतात. "बसायचं होतं पाटावर. कुणी धरलं होतं?"

"तेच विचारायला आलेय."

पाळणे पंगतीच्या पाटांसारखे ओळीनं बसतात, आणि ती बाहेरची खोलीच असते. तसबिरीतले चौघे खाली उतरून जेवताहेत, काचांसकट. घास काचेला लागून टकटक आवाज येतोय. वरच्या अंगाला फणसाचा पाट रिकामा. रांगोळी घातलेली, कुणी मोडलेली नाही. आक्कांच्या हातात ओवाळणीचं तबक आहे, अंगावर लग्नातला शालू. हा दिवस त्यांना पाठ आहे. सासरे वारले, पाट रिकामा झाला, तो दिवस; सासूबाई विधवा, म्हणून तबक आक्कांकडे आलं होतं.

"माझी एक अडलेली बाई होती त्या दिवशी," वन्सं म्हणतात. "पोर आडवं आलेलं. सुटली बिचारी. मी घरी आले तर तू माझ्या भावाला ओवाळत होतीस. मला वाटलं, माझं नाव कुणी घेतलंच नाही. जन्मभर तेच वाटलं, वहिनी. वाटलं, आपलं काम कमी पडलं. मग आणखी काम केलं. घेतलं होतं का गं कुणी?"

आक्कांना ठाऊक आहे. त्या दिवशी चहाचे पेले घेऊन त्या दारातच उभ्या होत्या. पहिलं नाव यमुनाचंच निघालं होतं. पडद्याआडून सासूबाई बोलल्या होत्या.

"घेतलं होतं," आक्का म्हणतात.

"मग?"

आक्का तोंड उघडतात. बाहेर येतो तो सासूबाईंचा आवाज, बसका, खोकल्यातून आलेला: "तिला नकोच आहे ते. मला म्हणालीय तसं."

चौघे जेवायचे थांबतात. टकटक थांबते.

"मी कधी म्हटलं होतं नको?" वन्सं विचारतात. लहान मुलीसारखं विचारतात.

"नव्हतं म्हटलं."

"तुला ठाऊक होतं."

"होतं. पण माझ्या नवऱ्याला पाट मिळत होता ना! मी का बोलू?" आक्कांचा आवाज चढतो आणि मध्येच बसतो. त्यांना शालूत उकडतंय. नागवं उभं केल्यासारखं वाटतंय. "आणि आज तेच शब्द, वन्सं. तेच. दुसरे सुचलेसुद्धा नाहीत मला."

"वृंदा वाईट वागते तुझ्याशी?"

"कुठली! पाय चेपते माझे."

"मग का गं?"

आक्का तबकाकडे बघतात. "ह्या खोलीत मी हयातभर वाढलं. वाकून वाकून वाढलं. माझ्या घरातली एक बाई तिथं बसणार, आणि मी तिसरी शिकलेली तिला ओवाळणार. पुरुषाला ओवाळताना कधी काही वाटलं नाही हो. तिला ओवाळायचं म्हटल्यावर वाटलं. जळले मी, वन्सं. सुनेवर जळले."

वन्सं जवळ येतात आणि ओल्या हाताची तीन बोटं आक्कांच्या मनगटावर, बांगडीच्या वर ठेवतात. खूप गार बोटं.

"नाडी पळतेय तुझी," त्या म्हणतात. "म्हणजे वेळ आहे अजून."

"बसा ना पाटावर. मी ओवाळते. आत्ता ओवाळते."

"मला काय करायचाय आता पाट?" वन्सं हसतात. "मी पुसलेली नाही, वहिनी. नुसती झटकलेली आहे."

टकटक. टकटक.

कपबश्या वाजताहेत. आक्का माजघरात आहेत, उन्हं कलली आहेत. बाहेर नानासाहेब खाकरून म्हणतात, "तर मग शेखरचंच नाव लिहू. वृंदाची इच्छा नाही असं कळलंय."

"माझी?" वृंदाचा आवाज. नुसता एक शब्द. मग कपबश्या पुन्हा वाजतात, कारण ती चहा देत राहते. खालच्या मानेनं देत असणार. आक्कांना न बघता दिसतं. उद्यापासून ती आणखी काम करील.

त्या भिंतीला धरून उठतात. मनगट गार लागतं. बघतात तर बांगडीच्या वर पाण्याचे तीन ठिपके, शेजारी शेजारी. नाकाशी नेतात. कार्बोलिक साबण. ह्या घरात तो साबण वन्संमागं कुणी आणलेला नाही.

आक्का पदरानं पुसत नाहीत. हात अंगापासून लांब धरून, ठिपके वाळू न देता, त्या बाहेरच्या खोलीच्या दारात जातात.

"वृंदा, तो ट्रे शेखरकडे दे," त्या म्हणतात. "त्यालाही दोन हात आहेत. आणि नानासाहेब, लेखणी खाली ठेवा. जेवताना मी खोटं बोलले."