देव्हाऱ्यातलं इंजिनाचं पुस्तक

यंत्र दिसलं, की आमचे मिस्त्री आधी हात मागे बांधायचे. "याचं पुस्तक कुठी हाय?" मग पुढची गोष्ट. सायकलचा पंप घेतानाही त्यांनी दुकानदाराकडे पुस्तक मागितलं होतं.

तेल्हाऱ्याच्या ज्या कापसाच्या जिनात मी कारकून होतो, तिथे ते अकोल्याहून कच्च्या नोकरीवर आले. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्या उभ्या, आणि पावसाळाभर बंद असलेलं तेलाचं इंजिन काही केल्या सुरू होईना. मालकांनी बजावलं, "उद्यापर्यंत पाहीन, नाई त अमरावतीचा मिस्त्री आणीन."

आम्ही चाकाला लोंबकळत होतो आणि मिस्त्री कपाटं उचकत होते. मी वैतागलो. "अहो, हात तरी लावा!"

"बाबू, थंडं इंजिन कसं उठवाचं, थे बनवणाऱ्यानं लिऊन ठेवलं असन ना!"

शेवटी मालकांना आठवलं. खंडेनवमीला हत्यारांबरोबर पुस्तकही पूजेत मांडलं होतं. तिथून ते त्यांच्या आईच्या देव्हाऱ्यात गेलं. लाल फडकं, रोज हळदकुंकू.

मिस्त्रींच्या घरानं छप्पन साली बौद्ध धम्म घेतला, देव सोडले. ते मालकांच्या अंगणातच उभे राहिले. मी त्यांच्या मागे.

"आई, थे पुस्तक पायजे."

"पूजेतलं हाय बाप्पा थे."

"पूजा तुमी केली. आता मले वाचू द्या."

म्हातारीनं त्यांना न्याहाळलं. अंगणातल्या माणसाला ती काहीही वरूनच टाकायची. त्या दिवशी पायरी उतरून तिनं पुस्तक त्यांच्या हातात दिलं. "मंग नीट वाच."

नेमकं सुरुवातीचं पान कुंकवानं चिकटलेलं! चहाच्या किटलीच्या वाफेवर धरून मिस्त्रींनी ते सोडवलं आणि एकेका इंग्रजी शब्दाखाली बोट ठेवत वाचलं. हवा सोडायचा जो कॉक आम्ही जोर लावून बंद करत होतो, तो चाक फिरवताना उघडा ठेवायचा होता. थोड्या वेळानं इंजिनानं धुराचा लोट सोडला आणि ते धडधडायला लागलं. गाडीवान ओरडायला लागले. मिस्त्री कायम झाले.

पुढे दर खंडेनवमीला मिस्त्री ते पुस्तक काखेत धरून उभे राहत. "बाकी सगळ्याले कुंकू लावा, याले नाई."

मिस्त्री गेले, इंजिन भंगारात गेलं. पुस्तक माझ्याकडे आलं. यंदा सूनबाईनं ते हौसेनं पूजेत मांडलं. मला मिस्त्रींची फार आठवण आली. कुंकवाची बोटं जवळ यायच्या आत मी पुस्तक उचललं आणि आरती संपेपर्यंत काखेत धरून उभा राहिलो.