मांजर मध्ये कुठे गेली होती?

किस्से कोणी जमवत नाही. स्वयंपाकघरातल्या प्लास्टिकच्या पिशव्यांसारखे ते आपोआप साठतात. एकीत दुसरी, दुसरीत तिसरी, आणि एक दिवस कपाट उघडलं की सगळ्या अंगावर! आमच्या रविवारच्या वर्गाचं तसंच झालंय.

बालीगंजला आमच्या मंडळाची वरच्या मजल्यावर एक खोली आहे. तिथे करंदीकर बाई कलकत्त्यातल्या मराठी पोरांना मराठीत गोष्ट लिहायला शिकवतात. मी मदतनीस. म्हणजे खडू आणायचे, पंखा लावायचा आणि थापा मारायच्या. "गोष्ट रचायला शिकवायचं तर वर्गात एक सराईत खोटं बोलणारा माणूस हवाच," असं सांगून बाईंनी मला माझ्या बायकोकडून मागून घेतलं. बायकोने लगेच देऊन टाकलं.

आमची अडचण एकच. मुलांना सुरुवात येते. एक होता राजा. शेवटही येतो. सगळे सुखाने राहू लागले. मधलं येत नाही. पहिल्या ओळीत राजपुत्र घोड्यावर बसतो, दुसऱ्या ओळीत त्याचं लग्न. बाई विचारतात, "अरे, मध्ये काय झालं?" उत्तर ठरलेलं: "काही नाही."

त्यात मंडळाचे सेक्रेटरी नाना सबनीस यांना ती खोली कॅरमसाठी हवी होती. नाना विमा कंपनीतून निवृत्त झालेत. माणूस वाईट नाही, पण समोर येईल तो क्लेम नाकारायची सवय अजून गेलेली नाही. त्यांनी बाईंना अट घातली. वर्धापनदिनाला एका तरी मुलाने स्टेजवर उभं राहून सुरुवात, मध्य आणि शेवट असलेली अख्खी गोष्ट मराठीत सांगायची. जमलं तर खोली वर्गाची, नाहीतर कॅरमची.

बाई "बरं" म्हणाल्या आणि जिना उतरल्या. खाली आल्यावर मला म्हणाल्या, "ही खोली गेली तर मी रविवारी करू काय हो?"

मी परत वर जाऊन पंखा बंद करून आलो.

* * *

मधलं कुठे जातं याचा शोध पहिल्यांदा मीच लावला. मुलांचे कागद उजेडात धरून बघितले, तर प्रत्येक गोष्टीच्या मधोमध तेलाचा डाग! वर्गाच्या मध्यावर खालच्या दुकानातून गरम कचोऱ्या यायच्या. मुलं सुरुवात लिहायची, कचोऱ्या खायची आणि हात पुसत पुसत थेट शेवटावर यायची.

बाईंनी ताबडतोब नाश्ता वर्गाच्या शेवटी नेला. पुढच्या रविवारी मधलं आलं खरं. पण राजा, राक्षस, परी, वाघ, ज्याच्या त्याच्या गोष्टीचा शेवट एकच झाला: मग सगळ्यांनी कचोऱ्या खाल्ल्या.

* * *

मग बाईंनी फळ्यावर लिहिलं, "मध्ये काहीतरी अडलं पाहिजे." नायक निघाला आणि लगेच पोचला, तर ती गोष्ट नव्हे. वाटेत अडथळा हवा.

कलकत्त्याच्या मुलांना हे फारच पटलं. एकाने लिहिलं: "राजपुत्र राजकन्येला सोडवायला निघाला. वाटेत मिरवणूक होती. रस्ता बंद. तो घरी परत आला."

बाई म्हणाल्या, दुसऱ्या रस्त्याने जाता आलं असतं की. मुलाने बाईंकडे जरा कीव करून पाहिलं. "त्या रस्त्यावर दुसरी मिरवणूक होती."

* * *

सई म्हणजे आमच्या वर्गाचा हुकमी एक्का. बाबा बँकेत अधिकारी, पुण्याहून बदलून आलेले, त्यामुळे मराठी अगदी खणखणीत. वर्धापनदिनाला तिलाच उभं करायचं ठरलं. घरून गोष्टीचं मधलं लिहून आण, असं बाईंनी सांगितलं. तिने आणलं आणि वाचलं:

"राक्षसाने गावाची वाट अडवली. सदर राक्षसाबाबत वरिष्ठ कार्यालयाशी पत्रव्यवहार चालू असून उत्तराची प्रतीक्षा आहे."

बाईंनी चष्म्यावरून विचारलं, "बाबांनी मदत केली का गं?"

"थोडीशी," सई म्हणाली. "राक्षस माझा आहे."

* * *

अद्वैतचे बाबा खिदिरपूरला गोदीत कामाला आहेत. त्याच्या गोष्टीत समुद्री चाचे होते, तलवारी होत्या, खजिना होता. चाच्यांचं जहाज नदीच्या तोंडाशी आलं आणि थांबलं. का? भरती नाही. भरती आली तर गोदीत जागा नाही. जागा झाली तर जहाज आत आणणारा माणूस दुसऱ्या जहाजावर. चाच्यांनी तलवारी ठेवल्या आणि पत्ते काढले. पुढच्या रविवारी बघतो तर चाचे पत्तेच खेळतायत. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. एकाने तर डेकवर वाळत घातलेले कपडे घडी करून ठेवले.

मी म्हटलं, अद्वैत, आता जरा तोफ उडव.

"काका, गोदीजवळ तोफ उडवायला परवानगी लागते."

* * *

आणि रितू. रितू सगळ्यांत लहान. आई बंगाली, बाबा इथेच जन्मलेले मराठी, आणि घरात तीन भाषांची खिचडी. रितूची गोष्ट दर रविवारी तीच. "एक होती मांजर. ती बाहेर गेली. ती घरी आली."

बाईंनी तिला जवळ घेऊन विचारलं, "मध्ये ती कुठे गेली होती?"

रितूने खूप विचार केला. "मला सांगितलं नाही तिने."

मी मदतीला धावलो. म्हटलं, असं लिही, मांजरीला हुगळीत मगरीने धरलं, मांजरीने मगरीच्या नाकाला गुदगुल्या केल्या. रितूने शांतपणे ऐकून घेतलं. "नाही. ती कोरडी आली होती."

* * *

वर्धापनदिन तोंडावर आला आणि सईच्या बाबांच्या बदलीची ऑर्डर निघाली. तिचं घर खोक्यांत गेलं, आणि त्याच्याबरोबर राक्षसही. अद्वैतच्या जहाजाला अजून जागा मिळालेली नव्हती. राहता राहिली रितू.

हॉल भरलेला. पहिल्या रांगेत नाना, हातात वेळ संपल्याची घंटा. बाई बाजूला उभ्या, पदराचं टोक मुठीत. रितू माइकसमोर आली.

"एक होती मांजर. ती बाहेर गेली."

आणि थांबली. हॉल थांबला. बाई नुसत्या ओठांनी पुढची ओळ सुचवत होत्या. शेवटी नानांनीच विचारलं, "मग?"

"अजून आली नाही," रितू म्हणाली आणि स्टेजच्या कडेला पाय सोडून बसली.

मग मागून जोशी आजी म्हणाल्या की कोणीतरी गडियाहाटच्या मासळीबाजारात बघा, तिथेच असणार. पलीकडच्या रांगेतल्या देशपांड्यांनी हरकत घेतली की मांजर मराठी आहे, शाकाहारीही असू शकते. अद्वैत ओरडला की ती खिदिरपूरला जहाजावर चढली. यावर अर्धा हॉल म्हणाला, शक्यच नाही, बालीगंजहून इतक्या लांब मांजर जाईल कशी?

"एस्प्लनेडला बस बदलून," नाना म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. नाना उठून उभे राहिले. मांजर बसमध्ये सीटखाली बसून एस्प्लनेडला उतरली. तिथे पाऊस. फुटपाथवर मोजे विकणाऱ्या एकाने तिला ताडपत्रीखाली घेतलं. म्हणून ती कोरडी राहिली. देशपांडे मध्ये बोलायला लागले तर नानांनी घंटा वाजवून त्यांना गप्प केलं! नानांचा आवाज मऊ झाला होता, हात हवेत फिरत होते. मला मगर घालायची फार इच्छा झाली, पण बाईंनी नुसतं बघितलं. मांजर खिदिरपूरला पोचली, जहाजावर चढली, भरती आली, दोर सुटले, जहाज निघालं...

आणि नाना अडले. मांजरीला जहाजावरून उतरवायचं कसं, ते त्यांना सुचेना.

रितू उठली. फ्रॉक झटकला.

"ती घरी आली," म्हणाली, आणि जेवायला गेली.

टाळ्या थांबेनात. पण पंगतीत नानांनी बाईंना गाठलंच. सुरुवात मुलीची, शेवट मुलीचा, पण मध्य नानांनी स्वतः सांगितला होता, तेव्हा अट काही पूर्ण झाली नाही. बाईंनी मान हलवली. त्यांच्या पानातलं श्रीखंड तसंच राहिलं.

पुढच्या रविवारी वर्ग नुकताच सुरू झाला होता आणि नाना दारात. काखेत कॅरम बोर्ड. बाई फळा पुसायला लागल्या. नाना आत आले, इकडेतिकडे बघितलं आणि रितूपुढे वाकले.

"काय गं, ती जहाजावरून उतरली कशी?"

"मला सांगितलं नाही तिने."

"मग विचार की तिला."

"ती घरी नाही," रितू म्हणाली. "आत्ताच बाहेर गेली."

नानांनी बोर्ड भिंतीला टेकवला आणि सतरंजीवर मांडी घातली.