शिवा तांडेलाचं खडप

शिवा तांडेलानं माझ्याशी बोलणं टाकलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण तो बोलतो. वाटेत भेटला की "काय सेक्रेटरी, च्या घेतलास?" असं विचारतो आणि मला मान वर करवत नाही. पूर्णगडच्या आमच्या मच्छीमार सोसायटीचा मी सचिव.

शिवाला समुद्रात एक खडप ठाऊक होतं. पाण्याखालचा खडक, तिथं गळाला हमखास तांबोशी लागायची. बापानं ते त्याला तिशीत दाखवलं, पोरगा तोंड बंद ठेवील याची खात्री पटल्यावर. किल्ल्याचा बुरूज आणि मागच्या डोंगरावरचा आंबा एका रेषेत आणायचा, उजवीकडे टेकडीआडून देवळाचा कळस दिसला की नांगर टाकायचा. ती जागा शिवानं बायकोला, हौसालाही सांगितली नाही. तिकडं सरळ तो कधी गेलाच नाही. आधी दक्षिणेला, मग खोल पाण्यात, मागून कुणी येत नाही ना हे बघत वळसे घालत जायचा. "शिवा सासुरवाडीला निघाला," म्हणून आम्ही हसायचो.

तीन वर्षांपूर्वी सरकारी योजनेतून होड्यांवर खोके बसले. होडी कुठं आहे ते खोका किनाऱ्यावर कळवतो, वादळात माणूस सापडतो. हे चांगलंच होतं, आजही मी तेच म्हणेन. बसवणारी कंपनी मात्र खासगी, आणि फॉर्म दहा पानांचा. चाळीस होड्यांच्या सह्या मी एका दुपारी उरकल्या. शिवानं विचारलंही, "ह्यात लिवलंय काय?" मी म्हणालो, "तुझ्याच भल्याचं आहे, कर सही." मी स्वतः दुसरं पान उलटलं नव्हतं. त्यानंतरही शिवा वळसे घालतच राहिला. मागं कुणी नाही ना, हे तो बघायचा. खोका त्याच्या डोक्यावर होता.

गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी खडपावर सहा मोठ्या बोटी उभ्या. त्यांतल्या एकीवरच्या अनिल खलाशानं शिवाला मोबाइल दाखवला. त्याच कंपनीचं अ‍ॅप, वर्गणी भरली की मासळीच्या जागा दाखवणारं. खडपावर लाल ठिपका होता, आणि तिथवर जाणारी रेघ. शिवाची, सगळ्या वळशांसकट.

आम्ही दोघं रत्नागिरीला मत्स्य खात्याच्या ऑफिसात गेलो. साहेब भला माणूस. त्यांनी फॉर्म काढला. सातव्या पानावर छापलेलं होतं, कंपनी ही माहिती 'अन्य सेवांसाठी' वापरू शकेल. "खोके स्वस्तात मिळाले ते त्याच बोलीवर," साहेब म्हणाले. "आमच्याही हे नंतर ध्यानात आलं." मग त्यांनी कंपनीच्या माणसाला फोन लावून दिला. तो गोड आवाजात म्हणाला, "काका, तुमचं नाव आम्ही कुणालाच दिलेलं नाही. अगदी निर्धास्त राहा."

"माजं नाव लावा की खुशाल चावडीवर," शिवा म्हणाला. "जागा कशापायी दिलीत?"

फोन बंद झाला. खोका काढावा तर परवाना जातो, डिझेलची सूट जाते. परतीच्या एसटीत मला कंपनीचा राग आला, सरकारचा आला, सगळ्यात जास्त माझा स्वतःचा आला. पण रागवायलाही अंगात त्राण लागतं. शिवा खिडकीशी डोळे मिटून बसला होता.

मार्चमध्ये त्याचा मुलगा हर्षद मुंबईची नोकरी सोडून होडीवर आला. त्याला तिसावं लागलं होतं. खोक्याची तपासणी करायची म्हणून त्या दिवशी मीही होडीत होतो. किल्ला मागं पडल्यावर शिवानं इंजिन बंद केलं, मुलाला जवळ बोलावलं आणि हात वर केला.

"तो बुरूज बघ. आता त्याच्या मागचा आंबा..."

"बाबा, ऱ्हाऊ दे," हर्षद म्हणाला, अगदी मायेनं. "हाय माज्या मोबाइलात. ऊन लागतंय, तुमी बसा."

शिवाचा हात थोडा वेळ तसाच राहिला. मग त्यानं तो खाली घेतला.

"मंग मी तुला द्यायचं काय?"

हर्षदनं मोबाइल खिशात टाकला. तोवर तीन मोठ्या बोटी आमच्या पुढं निघून गेल्या होत्या, सरळ खडपाकडं.