दंडावरचा ताईत

भजनातल्या बायांनो, आज तोंड दाखवायची लाज वाटते म्हणून लिहिते आहे.

धाकट्या भाऊजींनी हैदराबादेहून शर्यतीची मोटार आणली, तेव्हा मीच त्यांच्या दंडाला ताईत बांधला. "वहिनी, आता कसली भीती!" म्हणत ते सुसाट हाकू लागले. मी नुसती हसले.

आज जवळा बाजार गावच्या रस्त्यावर त्यांनी बंजारा तांड्यावरच्या एका म्हातारीला उडवलं. तिचा पाय मोडला. मी शेजारीच बसले होते. भाऊजींना साधं खरचटलंही नाही, ते पाहून माझ्या तोंडून निघालं, "ताईतानं राखलं हो!"

म्हातारी कण्हत म्हणाली, "बाई, ताईत तर माझ्याबी दंडावर हाय."

तिला दवाखान्यात नेलं. पण ताईत बांधताना "हळू हाका" एवढं मला का म्हणवलं नाही? तुमच्यापैकी कोणी म्हणाली असती का?